शांततेत मिटलं

पाटकरकाकांचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. बोरीवलीची आमची जुनी इमारत आता पाडणार आहेत. त्याआधी एका रविवारी सगळे जुने-नवे रहिवासी आवारात जमणार होते. पाटकरकाका माझ्या लहानपणापासून सोसायटीचे सेक्रेटरी. आता ऐंशीच्या घरात आहेत, पण आवाज तोच, सूचना वाचून दाखवल्यासारखा.

"तुझ्या बाबांविषयी दोन शब्द बोल. शांतताप्रिय माणूस. त्यांच्यामुळे आपल्या सोसायटीत कधी वाद झाला नाही बघ. पण छान बोल हं. जुनं काही काढू नकोस."

"जुनं म्हणजे काय, काका?"

"म्हणजे... तुला माहितीये ना. तुझी आई जरा तापट."

पलीकडच्या खोलीत आई टीव्हीचा आवाज अगदी बारीक करून बसली होती. सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी थकलेली माझी आई. चार लोकांसमोर ती आयुष्यात एकदाच बोलली. त्या एका वेळेसाठी इतकी वर्षं तापट. आणि बाबा जाऊन कैक वर्षं झाली तरी शांतताप्रिय. मेथीच्या काड्यांनी बोटं हिरवी झाली होती. फोन ठेवल्यावर मी ती नळाखाली इतकी घासली की आई आतून म्हणाली, "गे, पाणी वाया घालव नको."

त्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेले. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराची खिडक्या-दारं आधीच काढून नेली होती. नुसत्या चौकोनी भोकांतून ऊन आत पडलं होतं. स्वयंपाकघराच्या भोकातून नॅशनल पार्कचा डोंगर दिसत होता, उन्हाळ्याआधीचा, करडा. भिंतीवर, जिथे गॅसची शेगडी होती, तिथे तेलाचा काळपट पट्टा अजून होता. मी नाक भिंतीजवळ नेलं. काही वास आला नाही. तरीही मला रॉकेल, खोबरेल आणि पाण्यात भिजवलेल्या सोड्यांचा, सुकवलेल्या कोळंबीचा, वास आठवला, इतका स्पष्ट की तोंडाला पाणी सुटलं.

सोडे आमच्याकडे बाबा नसतानाच व्हायचे. खालच्या मजल्यावर जसूबेन राहायच्या. त्यांना वास येईल, उगाच शांतता बिघडेल, असं बाबांचं म्हणणं. जसूबेनना मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "मला कोणी विचारलं पण नाय कधी. मी तर संध्याकाळची अगरबत्ती लावून बसायची." जी तक्रार कुणी केलीच नव्हती, तिच्यासाठी माझ्या आईने किती वर्षं आपल्या माहेरची चव चोरून खाल्ली.

बाबा विमा कंपनीत अधिकारी होते. आजोबा गिरणीत कामगार; परळच्या चाळीत, भोंग्याच्या आणि साच्यांच्या आवाजात बाबांचं लहानपण गेलं. अशा माणसाला शांततेची भूक असणार, हे मला कळतं. पण त्यांची भूक आम्ही भागवत होतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते घरी यायच्या आधी कुकरच्या शिट्ट्या होऊन गेलेल्या असायच्या. जिन्यात त्यांच्या बुटांचा आवाज आला की आई रेडिओ बंद करायची, मिक्सर थांबवायची आणि हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकवून घट्ट बसवायची, म्हणजे वाजत नाहीत. मी तशा बांगड्या सरकवायला फार लवकर शिकले. बाबांनी कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. ते फक्त वर्तमानपत्रातून मान वर करायचे आणि म्हणायचे, "शांतता." शाळेत मुली आपापल्या वडिलांच्या रागाच्या गोष्टी सांगायच्या, तेव्हा मी अभिमानाने सांगायचे, आमच्याकडे असं काही नसतं.

एका वर्षी दिवाळी सरल्यावर शालूआत्या आली. बाबांची धाकटी बहीण, घाटकोपरला दिलेली. एक निळी बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि मोठ्यांदा म्हणाली, "वहिनी, थोडे दिवस राहू ना?" आईने तिच्या हातातली बॅग घेतली, तेवढंच उत्तर.

आत्या सगळंच मोठ्यांदा करायची. हसणं, जांभई देणं, खिडकीतून भाजीवाल्याला हाक मारणं. बाबा ऑफिसला गेले की घरात जणू जत्रा भरायची. तव्यावर सोडे चरचरायचे. आई आणि आत्या कॅरम खेळायच्या आणि आई, माझी बांगड्या न वाजवणारी आई, राणी घेतली की टाळी पिटायची. आत्या माझ्या केसांना खोबरेल चोळताना गाणी म्हणायची, निम्मे शब्द स्वतःचे घालून. एकदा ती मला जुहूला घेऊन गेली. भरतीची वेळ होती. साडी पोटऱ्यांपर्यंत उचलून ती पाण्यात उभी राहिली आणि ओरडली, "ए समुद्रा, काय रे तुझा आवाज!" शेजारी मक्याची कणसं भाजणारा माणूस हसायला लागला. तिथे तिला हळू बोल म्हणणारं कुणी नव्हतं.

घरी मात्र बाबा म्हणायचे, "शालू, हळू." मग ती इतकी हळू बोलायची की ओठ नुसते हलायचे. आणि काळजीने विचारायची, "ऐकू आलं ना?"

आपला आवाज केवढा आहे, ते तिला स्वतःला कळत नव्हतं. डाव्या कानाने तिला ऐकू येत नसे. ती माझ्या शेजारी झोपायची तेव्हा मला उजव्या बाजूला घ्यायची. मी कानाचं विचारलं तर म्हणाली, "न्हाणीघरात पडले गं." मला ते खरं वाटलं. दुसरं काही वाटायचं कारणच नव्हतं.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी तिचे यजमान आणि त्यांचे थोरले भाऊ तिला परत न्यायला आले. आईने पोहे केले. पुरुष बाहेर बसले, आत्याला दाराजवळ स्टुलावर बसवलं. मी आईच्या मागून बघत होते. थोरले भाऊ म्हणाले, बाई फार आवाज करते, शेजारीपाजारी हसतात. बाबा म्हणाले, "शालू, तूही जरा समजुतीनं घ्यायला हवं. आवाज चढवायचा नाही."

"दादा, मी चढवत नाही रे. मला ऐकूच येत नाही म्हणून..."

"तेच ते. पुन्हा वाद कशाला?"

तिने पोह्यांच्या रिकाम्या बश्या गोळा केल्या. चहा झाला. उठताना थोरल्या भावांनी बाबांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "बरं झालं. शांततेत मिटलं." बाबांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. खरंखुरं समाधान. मला आज सगळ्यात जास्त राग त्याचा येतो.

आईने आत्याची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. तिच्या ओंजळीतले तांदूळ आत्याच्या पदरातून खाली सांडले आणि आत्याच वाकून ते वेचत राहिली. संध्याकाळ होत होती. डोंगराकडून गार वारा येत होता. बाबांनी निरांजन लावायला सांगितलं. आत्या गेल्यावर घर पुन्हा पूर्वीसारखं झालं.

त्या जानेवारीत टीव्हीवर युद्ध आलं. कुठल्याशा वाळवंटातलं हिरवट काळं आकाश आणि त्यात वर चढणाऱ्या पांढऱ्या ठिणग्या. आम्ही जेवताना ते बघायचो. बाबा अस्वस्थ व्हायचे, ताट बाजूला सारायचे. "माणूस कधी शहाणा होणार?" म्हणायचे. त्यांना मनापासून वाईट वाटायचं, यात मला शंका नाही. प्रजासत्ताकदिनी सोसायटीत सत्यनारायण असायचा, नंतर बायकांचं हळदीकुंकू आणि उन्हं उतरल्यावर बाबांचं व्याख्यान. त्या वर्षीचा विषय त्यांनी फळ्यावर स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिला होता: शांतता, घरातली, साहित्यातली आणि जगातली.

भाषण सुंदर झालं. खोटं कशाला बोलू. घर म्हणजे लहानसा देश, ते म्हणाले. ज्याला घरात शांतता राखता येते, तोच जगाला शांतता देऊ शकतो. मग साहित्यातल्या शांतरसावर बोलले. सगळे रस शेवटी त्यातच विरतात, जशा नद्या समुद्रात. मग वाळवंटातल्या मुलांवर बोलले आणि मधेच थांबून रुमालाने डोळे टिपले. लोकांनी भरभरून टाळ्या वाजवल्या. पाटकरकाका माईकपाशी जाऊन म्हणाले, "कुणाला काही प्रश्न?" हे ते दरवर्षी म्हणायचे आणि दरवर्षी कुणी काही विचारायचं नाही.

बायकांच्या रांगेतून आई उठली. कपाळावर हळदीकुंकवाचं बोट, केसांत अबोली. बाबांनी तिला बजावलेलं होतं की सोसायटीत मालवणी बोलायचं नाही. ती मालवणीतच बोलली.

"माका एक इचारूचा आसा."

कुणीतरी हसलं. बायको काहीतरी गमतीचं विचारणार, असं वाटलं असेल.

"शालूवन्संच्या घोवान तेंच्या कानाचो पडदो फोडल्यान. तां तुमका म्हायत होता. मगे तुमी तेंका परत कित्याक धाडलास?"

खुर्च्या करकरल्या. मला कान, न्हाणीघर, उजवी बाजू, सगळं एकदम कळलं. आत्या पडली नव्हती, तिला नवऱ्याने मारलं होतं. बाबा म्हणाले, "सुमन, हे घरातले विषय आहेत."

"तुमीच म्हणालास मा, घर म्हणजे ल्हानसो देश. मगे त्या देशात मार कोणी खाल्ल्यान आणि शांती कोणाक गावली?"

पाटकरकाका पुढे झाले. "वहिनी, आपण नंतर बसून बोलू." बाबांनी हाताने त्यांना थांबवलं, माईक तोंडाजवळ घेतला आणि म्हणाले, "शांतता."

दोन्ही कर्ण्यांमधून तो शब्द बाहेर पडला, समोरच्या इमारतीवर आपटून परत आला. तो शब्द मी पहिल्यांदाच इतका मोठा ऐकला.

आईने माझा हात धरला आणि आम्ही फाटकाबाहेर पडलो. तिने रिक्षा थांबवली. "घाटकोपर," म्हणाली. रिक्षावाला तिच्याकडे, तिच्या भरजरी साडीकडे बघत राहिला. "येतस की नाय?" ती म्हणाली तशी त्याने मीटर पाडला.

आरे कॉलनीतून गेलो. दोन्ही बाजूंना झाडं, संधिप्रकाश, गोठ्यांचा शेणाचा आणि ओल्या गवताचा वास. आई सीटच्या कडेला पुढे सरकून बसली होती. तिच्या बांगड्या मनगटावर सुट्ट्या होत्या आणि प्रत्येक खड्ड्याला वाजत होत्या. मी भीतीने त्यांच्याकडे बघत होते. ती भीती मला अजून आठवते आणि तिचाही राग येतो. बांगड्या वाजल्या म्हणून मुलीने का घाबरावं?

आत्याच्या दारात आई उभी राहिली, आत गेली नाही. "शालूवन्सं, चला," तिने हाक मारली. यजमान बाहेर आले. गोड बोलले. "वहिनी, आत या ना. दारात कशाला आवाज? शेजारी ऐकतील."

"ऐकूंदेत. त्येच्यासाठीच इलंय."

मग ती आणखी मोठ्यांदा हाका मारत राहिली. एकेक दार उघडलं. समोरच्या घरातली एक म्हातारी बाई बाहेर आली, आईच्या शेजारी उभी राहिली आणि आत बघत म्हणाली, "जा गं शालन. आम्हाला भिंतीतून सगळं ऐकू येतं." इतके दिवस भिंतीतून ऐकत होत्या! सगळा मजला ऐकत होता आणि शांतता पाळत होता. तेही असो. त्या बाई त्या दिवशी बाहेर आल्या हे खरं.

आत्या स्वयंपाकघरातून आली ती कणकेच्या हातांनीच. यजमान काहीतरी पुटपुटले, पण एवढ्या डोळ्यांसमोर त्यांचा हात उचलला गेला नाही. ती चप्पल घालून आमच्यात येऊन उभी राहिली. बॅग घेतली नाही. परतीच्या वाटेवर रिक्षात ती आईच्या डाव्या हाताला बसली होती, चांगला कान आईकडे करून. "दादा काय म्हणेल?" तिने विचारलं.

"काय म्हणतील ते म्हणूंदेत," आई म्हणाली. "मी हय आसंय."

बाबा काहीच म्हणाले नाहीत. कित्येक महिने आईशी बोललेच नाहीत. "आईला सांग, मीठ कमी आहे," असं माझ्यामार्फत चालायचं. पण बहिणीला जा म्हणायची हिंमत मात्र त्यांना पुन्हा झाली नाही. आत्या राहिली. एका पाळणाघरात कामाला लागली, मग दहिसरला स्वतःचं पाळणाघर काढलं, वीसेक पोरांच्या कोलाहलात तिने आयुष्य काढलं आणि आजही तिथेच राहते. आमच्या घरात त्या वर्षी भांडणं झाली, दारं आपटली, आई रडली, आत्या रडली. आणि मी इतकी गाढ झोपायला लागले की सकाळी हलवून उठवावं लागे.

सोसायटीने मात्र आपला निकाल देऊन टाकला. हळदीकुंकवाची बोलावणी आईला येईनाशी झाली. जिन्यात बायका बोलता बोलता थांबायच्या. पुढच्या प्रजासत्ताकदिनी बाबा पर्यावरणावर बोलले आणि टाळ्या तेवढ्याच पडल्या.

मी कॉलेजात मराठी शिकवते. दरवर्षी एखादी तरी अशी कथा अभ्यासाला असते, की तिच्यातली बाई शेवटी नवऱ्याकडे परत जाते आणि लेखक दिवेलागणीचं वर्णन करतो. तुळशीपाशी दिवा, गाईंच्या गळ्यातल्या घंटा. मुलं उत्तरपत्रिकेत लिहितात, कथेचा शेवट शांत व उदात्त आहे. मी लाल पेन हातात घेऊन बसते. त्यांचा काय दोष? दिवा लावला की त्या उजेडात बाईचा चेहरा दिसायला हवा होता, तो लेखकाने दाखवलाच नाही. मी तसंच एक निरांजन प्रत्यक्ष बघितलं आहे. त्याच्या मागे सांडलेले तांदूळ होते.

आणि आता तर युद्ध बघायला टीव्हीही लागत नाही. भाजीच्या रांगेत उभं असताना हातातल्या फोनवर पडलेली शाळा दिसते, पाण्याचा कॅन ओढत नेणारी मुलगी दिसते. मग सूट घातलेले पुरुष लांबलचक टेबलाशी बसतात, हस्तांदोलन करतात, आणि खाली अक्षरं सरकतात, शांततेच्या दिशेने पाऊल. ज्यांची घरं गेली त्यातलं कुणी त्या टेबलाशी नसतं. त्यांना दाराजवळचं स्टूलसुद्धा मिळत नाही. ज्याने मारलं तोच तारीख ठरवतो, आणि जो मेला त्याच्या आईला सांगतात, आता आवाज करू नका, नाहीतर शांतता मोडेल. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर त्यावर कबुतराचं चित्र येतं, खाली सुप्रभात. कुणी काही बोललं की लगेच, "इथे नको हा विषय, यार." मला त्या कबुतराचा संताप येतो.

शांतता मलाही हवी आहे. कुणाला नको असते? पण ती आईने दारात उभं राहून मारलेल्या हाकेनंतर आली होती. आधी नाही.

खाली आवारात मांडव घातला होता. पाटकरकाकांनी मला पुढच्या खुर्चीत बसवलं. माझ्या आधी चार जण बोलले, सगळे गोड. माझं नाव पुकारताना त्यांनी कानाशी वाकून पुन्हा सांगितलं, "वाद नको हं. आजचा दिवस शांततेत होऊ दे."

मी काही लिहून नेलं नव्हतं. मी म्हणाले, "माझे बाबा फार चांगलं बोलायचे. त्यांचं इथलं एक भाषण मला पाठ आहे. पण त्यानंतर माझी आई जे बोलली, ते तुम्ही विसरलात किंवा विसरायचं ठरवलंत, म्हणून ते सांगते." आणि सांगितलं. पोहे, ओटी, कान, माईक, रिक्षा, सगळं. आईचे शब्द मालवणीतच म्हटले. पाटकरकाका जमिनीकडे बघत होते. मागून एक गृहस्थ म्हणाले, "आजच्या दिवशी हे कशाला?" मी म्हणाले, "उद्या ही जागाच नसेल म्हणून. माझी आई तापट नव्हती. त्या दिवशी इथे बसलेल्या सगळ्यांत तीच एक नीट वागली."

टाळ्या थोड्या पडल्या, त्याही बायकांच्या. लगेच अल्पोपाहार जाहीर झाला. लोक माझ्या बाजूने न जाता लांबून वळसा घालून बटाटेवड्यांकडे गेले. मी पर्स उचलली.

फाटकाशी एक मुलगी आली. तिशीचीही नसेल. कुर्त्यावर सोसायटीचं नाव लिहिलेला बिल्ला, हातात न खाल्लेली प्लेट. ती अजून रिकाम्या न झालेल्या मागच्या विंगमध्ये भाड्याने राहत होती, मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पुढच्या महिन्यात ती आणि तिचा नवरा विरारकडे जाणार होते, तिथे कुणी ओळखीचं नाही, असं तिने आधी सांगितलं. मग मांडवाकडे एकदा वळून बघितलं. तिथे एक तरुण माणूस पाटकरकाकांशी हसून बोलत होता.

"ताई, तुमच्या आई अजून आहेत?"

"आहे. मुलुंडला, माझ्याकडे."

"भेटतील?" तिने विचारलं, आणि मी काही म्हणायच्या आत, अगदी हळू, "आमच्या घरी फार शांतता असते."

मी आईला फोन लावला. सगळं सांगायची गरज पडली नाही. "इचारतंस काय?" आई म्हणाली, "घेऊन ये तिका." मी त्या मुलीच्या हातातली प्लेट घेऊन फाटकाच्या खांबावर ठेवली आणि समोरून येणाऱ्या रिक्षाला मोठ्यांदा हाक मारली. मांडवातली माणसं वळून बघायला लागली.